उभी लिफ्ट वीज खाते

इमारतीच्या दारातून आत शिरलं की उजव्या भिंतीवर एक काळी काच बसवलेली होती. तिच्यात हिरवे आकडे उमटत. इमारतीच्या पोटात या घडीला किती वीज शिल्लक आहे, ते या आकड्यांवरून कळे. गच्चीवर आणि दक्षिणेच्या भिंतीवर सौर पत्रे बसवून, तळमजल्यावरच्या जुन्या गोदामात बॅटऱ्यांच्या रांगा लावून सगळ्या दुकानदारांनी मिळून बाहेरची तार एकदाची कापून टाकली. त्या दिवसापासून आत येणारा प्रत्येक जण आधी त्या काचेकडे बघे आणि मग माणसांकडे. घरात कुणी आजारी असलं की सकाळी उठल्याउठल्या त्याच्या कपाळाला हात लावून बघतात, तसं. "काय, बरं आहे ना?" हे विचारणं मागे पडलं. "आज किती आहे?" हे सुरू झालं.

बाहेरून वीज येत होती तोवर कोण किती जाळतो ते ज्याचं त्याच्यापाशी होतं. आता चूल एक झाली आणि एका चुलीवर होतं तेच सगळं सुरू झालं. प्रत्येकाची नजर दुसऱ्याच्या ताटात. झेरॉक्सवाला म्हणायचा, पार्लरवाली बायकांचे केस वाळवते की गोधड्या. पार्लरवाली म्हणायची, त्याचं मशीन दुपारी गिऱ्हाईक नसताना कुणासाठी तापत ठेवतो ते विचारा आधी. पहिल्या मजल्यावरचे चष्मेवाले इमारतीचे अध्यक्ष होते. ते दोघातिघांची भांडणं सासऱ्याच्या थाटात सोडवत आणि स्वतःच्या दुकानातले आरशांभोवतीचे दिवे मात्र बंद करायला विसरत.

या सगळ्यांना वर-खाली नेणारी बाई होती. लिफ्ट जुनी, जाळीच्या दारांची. दोन्ही दारं नीट सरकवल्याशिवाय हलायची नाही, आणि ती नीट सरकवणं फक्त या बाईलाच जमायचं. म्हणून लिफ्टवाली हे पद टिकून होतं. इमारतीत तिला सगळे वरखालीबाई म्हणत. कुणी तोंडावर म्हटलं तरी तिला राग येत नसे. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून, मांडीवर डबा किंवा विणकाम ठेवून ती वर जाई, खाली येई. ही नोकरी तिने लग्नानंतर लगेच धरली, कारण तिचा नवरा याच इमारतीत तळघरात होता.

नवरा जनरेटर चालवायचा. सगळ्यांचा तो मामा. ती मात्र 'हे' म्हणायची. पूर्वी लाईट दिवसातून कितीदा तरी जायची. लिफ्ट मधेच अडकायची, अंधार व्हायचा, आतली माणसं पुटपुटायची. मग ती भिंतीवरचं बटण दाबायची आणि जाळीच्या शेजारी टांगलेला फोन उचलायची. ती तार थेट तळघरात जाई. पलीकडून एकच शब्द यायचा, "आलो." मग खाली धडधड सुरू व्हायची, दिवा लागायचा, लिफ्ट एक धक्का देऊन चालू व्हायची. लिफ्टमधले लोक हसायचे. मामा कुठे येतात, येते ती वीज. पण तो कधी "आली" म्हणाला नाही. नेहमी "आलो"च.

दोघांचा संसार असा एका तारेवर चालला होता. घरी गेल्यावर दोघं थकलेली असायची, फार बोलणं व्हायचं नाही. मूलबाळ नव्हतं. पुढे तिला वाटायचं, आपण नवऱ्याशी आयुष्यात जे बोललो त्यातलं निम्मं अंधारातच बोललो असू.

ज्या दुपारी तो गेला, त्या दुपारी लाईट गेली ती आलीच नाही. जनरेटर धापा टाकत होता. धूर बाहेर नेणाऱ्या नळीचा सांधा उसवला होता, म्हणून तळघराच्या मागच्या भिंतीत एक मोठा पंखा होता, धूर ओढून बाहेर टाकणारा. तो पंखा त्याने स्वतःच लिफ्टच्या लाइनवर जोडला होता. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यामध्ये लिफ्ट अडकली. माणसं भरलेली. तिने बटण दाबलं. दाबत राहिली. फोनवर तो म्हणाला, एवढा भार झेपत नाहीये. मग म्हणाला, "पंखा काढतो, मग हलेल तुझी. आलो."

आणि लिफ्ट हलली. नुसती हलली नाही, त्या दुपारी ती कधी नव्हे इतकी हलकी चालली. लोक बोलवत राहिले, ती वर-खाली करत राहिली. मनातून खूश होती. संध्याकाळी डबा घ्यायला ती खाली गेली तेव्हा तो जनरेटरच्या पलीकडे भिंतीला टेकून बसला होता, पाय पुढे पसरून, डुलकी लागल्यासारखा.

इमारतीच्या लोकांनी चौकशी केली. पंख्याचं बटण खाली होतं, म्हणजे मामा पंखा लावायला विसरले. निष्काळजीपणा. फोनवर तो काय म्हणाला हे तिने कुणाला सांगितलं नाही. प्रेत बाहेर काढल्यावर खोलीत कुणी नाही असं बघून तिने ते बटण वर केलं. पंखा फिरायला लागला. ते बटण तिने पुन्हा कधी खाली केलं नाही.

तळघराच्या त्या खोलीची किल्ली तिच्याकडेच राहिली. झाडू, बादल्या, तिची चप्पल, असलं सामान तिथे असे. ज्या खोलीत माणूस गेला तिथे पाय ठेवायला दुसरं कुणी उत्सुक नव्हतं. सौर पत्रे आले, जनरेटर भंगारात गेला. त्याला न्यायला आलेली माणसंसुद्धा काम उरकून पळाली. उरला तो सिमेंटचा चौथरा, त्यावर वर आलेले बोल्ट, भिंतीवरचा फोन आणि तेलाचा एक काळा डाग. घासला तरी न जाणारा. आणि पंखा. धूर उरला नव्हता, धूर करणारं उरलं नव्हतं, पंखा चालू होता. त्याची घरघर लिफ्टच्या विहिरीतून वर यायची. तो लिफ्टचाच आवाज, असं सगळे धरून चालत.

तिचा भुताखेतांवर विश्वास नव्हता. तसा कुणी विषय काढला तर ती म्हणायची, जिवंत माणसं पुरेशी आहेत. पण घरात उकडत असताना कुणी झोपलेलं असलं, तर आपण खिडकी लावत नाही. तो जागा आहे का, त्याला वारा लागतो का, असले प्रश्न विचारत बसत नाही. लावत नाही, एवढंच. त्यात पुन्हा कधी कधी आभाळ आलं की लिफ्ट तिसऱ्या मजल्याच्या वर जाताना डिझेलचा वास यायचा. जनरेटर नव्हता, डिझेल नव्हतं, वास होता. ती विणकामाचे टाके मोजत बसायची आणि चौथा मजला यायचा.

तार कापल्यापासून लाईट जाणं बंद झालं. इमारतीचा सगळ्यांना अभिमान वाटू लागला. आजूबाजूचा सगळा रस्ता काळोखात असताना एकटी ही इमारत उजळलेली असायची. लोक म्हणायचे, सुख आहे. तिच्या मनात मात्र येई, जी जात नाही ती येणार तरी कशी. फोन तसाच टांगलेला होता. फडक्याने ती तो रोज पुसायची.

मग एकदा आभाळ जे दाटून बसलं, ते हलेचना. पाऊस पडेना, ऊन पडेना. ओल्या गोणपाटासारखं आभाळ पत्र्यांवर पसरून राहिलं. काचेतला आकडा रोज संध्याकाळी खाली उतरायचा आणि सकाळी जेमतेम वर यायचा. लोक काचेपुढे उभे राहून आवाज खाली करून बोलू लागले.

पत्रे बसवणाऱ्या कंपनीची एक मुलगी देखभालीला येत असे. तिला सोलारवाली म्हणत. ती प्रत्येक मजल्याची लाइन वेगवेगळी तपासत गेली. झेरॉक्सवाला सुटला, पार्लरवाली सुटली, चष्मेवाल्यांना कानपिचक्या मिळाल्या. शेवटी तिला जे सापडलं ते तिने अध्यक्षांना सांगितलं आणि तासाभरात ते साऱ्या इमारतीत पसरलं. लिफ्ट उभी असतानासुद्धा वीज खाते. माणसं असोत नसोत, दिवस असो रात्र असो, ती खातच राहते.

झेरॉक्सवाला जिन्यात कुणाला तरी म्हणाला, लिफ्ट कसली खाते, मामा जेवत असतील खाली. ऐकणारा हसला. दोघांनी वळून पाहिलं तर वरखालीबाई जाळीमागे बसलेली. तिने दार सरकवलं आणि विचारलं, "कितवा?"

चष्मेवाल्यांनी बैठक ठरवली. म्हातारी लिफ्ट पोसायची नाही, काढून टाकायची. पुढे मागे पैसे जमले की बटणांची छोटी बसवू, तिला बाईही लागत नाही. तोवर जिना आहेच. वरखालीबाईंसाठी काहीतरी बघू, असंही ते म्हणाले. म्हणजे काही बघणार नाहीत, हे तिला कळलं.

सोलारवालीला ते पटलं नव्हतं. ती लिफ्टमध्ये येऊन उभी राहिली. म्हणाली, "मावशी, मोटार उभी असेल तर ती खाणार नाही. लिफ्टच्या लाइनवर दुसरं काहीतरी आहे. तुम्हाला माहीत असेल तर सांगा. ते सापडलं तर तुमची लिफ्ट वाचेल."

"काही नाही," बाई म्हणाली.

"तळघरातल्या त्या खोलीत?"

"झाडू आहेत."

"किल्ली मिळेल?"

ती म्हणाली, घरी राहिली. किल्ली तिच्या कमरेला होती. मुलीने तिकडे बघितलं की नाही कोण जाणे. ती जिन्याने निघून गेली.

त्या दिवशी बाईला लिफ्टची घरघर फार मोठी वाटली. तिच्यापुढचं कोडं साधं होतं. पंखा बंद केला तर लिफ्ट राहील. लिफ्ट गेली तर तिची नोकरी जाईल. नोकरी गेली की किल्ली जाईल आणि किल्ली गेली की पंखा कुणीतरी बंद करणारच. कुठूनही निघालं तरी तिथेच पोचायचं होतं. पण आपल्या हाताने? एकदा लिफ्टसाठी त्याची हवा गेली होती. पुन्हा लिफ्टसाठीच? ती ठरवून बसली, बैठक होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. लोकांनी काय ते करावं, पाप त्यांच्या माथी.

बैठकीच्या आदल्या दुपारी तिची नणंद आली.

पाचव्या मजल्यावर गुडघ्यांचे डॉक्टर होते. पाचव्या मजल्यावर गुडघ्यांचा डॉक्टर हा इमारतीतला जुना विनोद होता, आणि लिफ्ट काढायची बातमी पसरल्यावर तर लोक म्हणू लागले, डॉक्टरांनीच फूस दिली असणार, जिना चढून आलेला रोगी हमखास पक्का. नणंद महिन्याला एकदा यायची. भावजयीशी मोजकं बोलायची. तिच्या भावाला साऱ्या इमारतीने विसराळू ठरवलं होतं, आणि ही बाई त्याच इमारतीच्या नोकरीत राहिली, हे तिच्या मनात कायमचं रुतून बसलं होतं.

"ये वन्सं," म्हणत तिने दार उघडलं.

"चालू आहे ना अजून? जिन्यात ऐकलं, काढतायत म्हणे."

"आज आहे."

नणंद काठी टेकत आत आली. दारं सरकली. लिफ्ट निघाली. पहिला, दुसरा. तिसऱ्याच्या वर गेली आणि डिझेलचा वास आला. मग दिवा मंदावला, गूळ वितळावा तसा पिवळा होत गेला, आणि लिफ्ट थांबली.

तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये.

खाली काचेतला आकडा तळाला गेला होता. अशा वेळी यंत्रणा प्रत्येक लाइनला मोजून घास देई. लिफ्टच्या वाट्याचा घास मोटार आणि पंखा या दोघांत वाटला जात होता. मोटार थांबली, पंखा मात्र हळूहळू फिरत राहिला. विहिरीतून त्याची घरघर येत होती, दमेकऱ्याच्या छातीतून यावी तशी.

बाईचं बोट आपोआप बटणावर गेलं. तिने ते दाबलं, फोन उचलला, कानाला लावला. किती वर्षं झाली होती, तरी हात विसरला नव्हता.

"कुणाला बोलावतेस वहिनी?" नणंदेने विचारलं.

तिने फोन टांगला. वरच्या मजल्यावर पावलं वाजली. चौथ्याच्या जाळीतून सोलारवालीने खाली वाकून हाक मारली. म्हणाली, घाबरू नका, लाइनवरचा दुसरा भार काढला की लिफ्ट लगेच हलेल. फक्त तो कुठे आहे ते सांगा.

बाईला वाटलं, फार तर काय होईल, थोड्या वेळाने आकडा वर चढेल. बसू की. तिने नणंदेला स्टूल दिलं.

पण नणंद बसली नाही. तिने एका हाताने जाळी धरली होती, दुसरा हात गळ्याशी नेला होता. कपाळावर घाम होता. म्हणाली, "मला बंद जागेत जमत नाही गं. श्वास लागतोय." आणि खरोखरच तिचा श्वास लागला होता. तोंड उघडं, खांदे वर-खाली. तिचं तोंड भावाच्या वळणाचं होतं, विशेषतः हनुवटी. मंद दिव्यात ते फारच त्याच्यासारखं दिसत होतं.

बाईने कमरेची किल्ली काढली आणि जाळीच्या फटीतून वर धरली. सोलारवालीने पोटावर पडून, हात लांबवून ती घेतली.

"तळघरात," बाई म्हणाली, "दाराच्या आत, झाडूंच्या मागे बटण आहे. पंख्याचं. खाली कर."

मुलगी जिन्याने धावत गेली. पावलं खाली खाली गेली आणि ऐकू येईनाशी झाली.

"कसला पंखा?" नणंद म्हणाली.

मग तिने सांगितलं. फोन, भार, 'पंखा काढतो, मग हलेल तुझी'. फार शब्द लागले नाहीत. इतकी वर्षं तिला वाटत होतं, सांगायला बसलं तर एक दिवस पुरणार नाही.

"म्हणजे दादा विसरला नव्हता."

"नाही."

"आणि मला तू हे कधी बोलली नाहीस."

"बटण मी दाबत होते, वन्सं. सारखी दाबत होते."

नणंदेने काही म्हणायला तोंड उघडलं, पण आधी श्वास घेतला. मग म्हणाली, "लहानपणी मी झाडावर अडकले होते. मला उतरवायला चढला आणि स्वतः पडला. हात मोडला त्याचा. आईने मलाच झोडपलं." घाम पुसून म्हणाली, "मी हाकासुद्धा मारल्या नव्हत्या. त्याने नुसतं खालून पाहिलं होतं."

तेवढ्यात घरघर थांबली.

आधी तिला वाटलं, आपले कान गेले. तो आवाज इतकी वर्षं तिच्या अंगाखाली होता की तो नसणं तिला तळपायांना कळलं. विहीर एकदम खोल झाली. दोघी हलल्या नाहीत. त्या शांततेत भिंतीवरचा फोन खरखरला. टांगलेलाच होता. त्यातून, लांबून, एक शब्द आला.

मग दिवा पांढरा झाला. लिफ्टने धक्का दिला. तोच धक्का, डावीकडून थोडा कलता, मग सरळ. आणि ती वर निघाली, अगदी हलकी.

"ऐकलंस?" नणंद कुजबुजली.

"सोलारवाली असेल. खाली फोन दिसला असेल तिला. आले म्हणाली."

"आलो म्हणाला."

"आले. ती मुलगी आहे वन्सं."

नणंदेने वाद घातला नाही. डोळे पुसले, पदर नीट केला. पाचवा मजला आला. गुडघ्यांच्या डॉक्टरांच्या दाराशी जाऊन ती वळली आणि म्हणाली, "इथेच थांब. मला खाली तूच ने."

बैठक झाली ती लिफ्टवरून चष्मेवाल्यांच्या दिव्यांवर घसरली. उभी लिफ्ट आता काही खात नव्हती, आकडा सकाळी चांगला वर आला होता, तेव्हा तिला काढायचं कारण उरलं नाही. पंख्याबद्दल सोलारवालीने एवढंच सांगितलं की जुना भार होता, काढला. कुणी अधिक विचारलं नाही. किल्ली तिने बाईच्या हातात ठेवली आणि आपल्या कामाला लागली.

दुकानं बंद व्हायच्या वेळेला बाई तळघरात उतरली. चौथरा होता, डाग होता. पंख्याची पाती स्थिर होती, त्यांच्यातून पलीकडचा राखाडी उजेड दिसत होता. थांबलेली पाती कशी दिसतात ते ती विसरूनच गेली होती. हात सवयीने बटणाकडे गेला. तिथेच राहिला. मग तिने झाडू बाजूला केले, खोलीचं दार भिंतीपर्यंत उघडलं आणि एक मोडकं स्टूल ओढून आणून दाराला टेकवून ठेवलं, वाऱ्याने मिटू नये म्हणून. उघड्या दाराला वीज लागत नाही.  निघताना म्हणाली, "येते," जसं कुणीही घरातून बाहेर पडताना म्हणतं.

पुढच्या महिन्यात नणंद आली. ऊन चांगलं होतं, आकडा काठोकाठ होता. तिसऱ्याच्या वर दोघीही बोलायच्या थांबल्या. वास आला नाही. नणंद फोनकडे बघत होती.

"विचारलंस का तिला?"

"कुणाला?"

"त्या मुलीला. फोनवर ती बोलली का ते."

"नाही."

चौथा मजला गेला.

"नकोच विचारूस," नणंद म्हणाली.